प्लॅनरची पाती बदलली तरी फळीवर पुन्हा तीच रेघ: नवा सेट घेण्याआधी काय तपासायचं

फळी प्लॅनरमधून, म्हणजे फिरत्या पात्यांनी तासून तिला एकसारखी जाडी देणाऱ्या मशिनमधून, बाहेर आली की मी आधी तिच्यावरून नख फिरवते. लांबीच्या दिशेने नाही, आडवं, या काठापासून त्या काठापर्यंत. डोळ्याला दिसत नाही ती रेघ नखाला लागते. मध्यंतरी कित्येक महिने ती माझ्या प्रत्येक फळीवर होती: डाव्या काठापासून चार बोटं आत, केसाएवढी बारीक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उठलेली. पाती उलटवून दुसरी धार पुढे घेतली की जायची आणि आठवड्याभरात परत यायची. नवा सेट टाकला, दहा-बारा फळ्या छान निघाल्या, पुन्हा रेघ. आणखी एक सेट, पुन्हा तेच. तिसरा सेट मागवायच्या आधी मात्र मी थांबले आणि जुनी पाती, उघडलेला कटर ब्लॉक (पाती जिच्यावर बसतात ती फिरणारी दांडी) आणि खराब निघालेल्या फळ्या समोर घेऊन बसले.

त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितेय. टेबलावर ठेवायच्या थिकनेस प्लॅनरची पाती तुमच्याकडेही सारखी जात असतील, किंवा बदली पाती कोणती घ्यायची इथेच अडलं असेल, तर क्रम असा ठेवा: आधी फळी काय सांगते ते बघा, मग जुनं पातं मोजा, नवं पातं सगळ्यात शेवटी निवडा. मी दोन सेट वाया घालवले ते हा क्रम उलटा धरल्यामुळे.

फळीवरची खूण ओळखा

लांबीच्या दिशेने उठलेली, नेहमी त्याच जागी येणारी रेघ म्हणजे धारेचा टवका उडालाय. ही खूण सहसा चुकत नाही. पण तिच्यात एक बारकावा आहे. तीन पात्यांच्या मशिनमध्ये एकाच पात्याला खाच पडली असेल तर तिथे उरलेलं लाकूड मागून येणारी दोन पाती काढून टाकतात आणि फळीवर फारसं काही दिसत नाही. रेघ उठून दिसते याचा अर्थ तिन्ही पात्यांना अगदी त्याच जागी खाच आहे. म्हणजे काहीतरी टणक आत गेलं आणि तिन्ही पाती त्याच्यावरून गेली. खिळा, स्टेपलरची पिन, खडा किंवा वाळू.

रेघ उठलेली नसून खोल गेलेली असेल तर प्रकरण वेगळं आहे. एखादं पातं तिथे जरासं वर आलंय, बहुतेक वेळा त्याच्याखाली, बैठकीवर (पातं जिथे टेकतं ती जागा), कचरा अडकलाय. आणि ओरखडा फळीच्या खालच्या बाजूला असेल तर पात्याकडे बघूच नका, वरचं पातं खालच्या बाजूला पोचतच नाही. बेडवर, म्हणजे फळी जिच्यावरून सरकते त्या खालच्या बैठ्या पाटावर, राळ किंवा कचरा चिकटलाय का ते बघा.

फळीभर कुठेही, काही नेम नसलेले छोटे छोटे दबलेले खळगे दिसले तर तेही पात्याचं काम नाही. छिलके बाहेर न पडता कटरबरोबर फिरून परत फळीवर येतात आणि फळी पुढे ओढणारा रोलर ते लाकडात दाबतो. पडताळायची सोपी रीत आहे: ओलं फडकं फळीवर फिरवा आणि थोडा वेळ थांबा. दाबले गेलेले रेषे पाणी पिऊन फुगतात आणि खळगे बरेचसे भरून येतात. कापले गेलेले रेषे असते तर ते भरून आले नसते. अशा वेळी भुसा ओढणारा पाइप, त्याचं तोंड आणि पिशवी तपासा. मी एकदा याच खळग्यांसाठी पाती उलटवली होती. दोष पाइपच्या वळणात अडकलेल्या एका ढलपीचा होता.

गाठीभोवती किंवा उलट्या रेषेच्या (पात्याकडे तोंड करून येणाऱ्या तंतूंच्या) जागी लाकूड उपटून निघत असेल तर धार बोथट झालीय असं वाटतं, आणि ते अर्धंच खरं असतं. नवीन कोऱ्या पात्यानेही उलट्या रेषेवर जाड कट घेतला तर लाकूड उपटतंच. फळी उलट दिशेने घालून बघा, कट निम्मा करून बघा. तेवढ्याने फरक पडला तर पाती अजून कामाची आहेत. दोन्ही करूनही उपटत असेल, त्यातच मशिनचा आवाज जड झाला असेल, फळी बाहेर आल्यावर हाताला गरम लागत असेल आणि पृष्ठभाग कापल्यासारखा नाही तर घासून चकचकीत केल्यासारखा किंवा लव आल्यासारखा दिसत असेल, तर धार खरंच गेलीय. लव मात्र ओल्या लाकडावरही येते, तेव्हा ओलावा मोजायचं मीटर असेल तर आधी ते टोचा.

फळी मध्येच अडते, ढकलावी लागते, ही तक्रार नेहमी पात्यांच्या खात्यावर टाकली जाते. बोथट पात्यांमुळे असं होतं, नाही असं नाही. पण राळ बसून गुळगुळीत झालेले रबरी रोलर आणि कोरडा पडलेला बेड यांनीही हुबेहूब तसंच होतं. रोलर पुसा, बेडला साधं मेण चोळा (सिलिकॉनवालं नको, ते लाकडाला लागतं आणि पुढे पॉलिश धरत नाही), आणि मगच पाती बदलायचं ठरवा.

फळीच्या टोकाला दोन-तीन इंचांत बसणारा खड्डा, किंवा फळी एका काठाला जाड आणि दुसऱ्या काठाला पातळ निघणं, हे दोन दोष नवीन पात्यांनी कधीच जात नाहीत. पहिला फळीला मिळणाऱ्या आधाराचा आहे, दुसरा कटर आणि बेड समांतर नसल्याचा.

आता आडव्या लाटा. फळी खिडकीजवळ तिरपी धरली की रेषेला काटकोनात बारीक लाटा दिसतात. काही प्रमाणात त्या असणारच, कारण फिरणारं पातं लाकूड सपाट कापत नाही, छोटे छोटे वाडगे कोरत जातं. प्रश्न त्यांच्यातल्या अंतराचा आहे, आणि ते अंतर मोजता येतं. तेरा इंची, तीन पात्यांच्या एका प्रचलित मशिनचा हिशोब मांडून दाखवते. कटर मिनिटाला १०,००० फेरे घेतो, तीन पाती म्हणजे मिनिटाला ३०,००० काप. वेगवान फीडवर फळी मिनिटाला २६ फूट सरकते, म्हणजे ३१२ इंच. भागाकार केला की इंचाला ९६ काप येतात. सावकाश फीडवर, मिनिटाला १४ फूट, तेच इंचाला १७९ होतात. या मशिनच्या माहितीत छापलेले आकडेही हेच आहेत. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर वेगवान फीडवर दर पाव मिलिमीटरला एक काप.

आता तीनपैकी एकच पातं वर राहिलं असेल तर शेवटचा हात तेच फिरवतं आणि लाटांमधलं अंतर तिप्पट होतं, पाऊण मिलिमीटरच्या पुढे. फूटपट्टी ठेवून एका सेंटिमीटरात लाटा मोजा, हवं तर भिंगाने. वेगवान फीडवर अडतीसच्या आसपास असायला हव्यात. बारा-तेराच भरल्या तर एकच पातं काम करतंय आणि बाकीची दोन नुसती फिरताहेत. दोन पात्यांच्या मशिनचंही गणित असंच: मिनिटाला ८,५०० फेरे आणि ८.५ मीटर फीड असेल तर अर्ध्या मिलिमीटरला एक काप यायला हवा. तो एका मिलिमीटरला एक येत असेल तर दोनपैकी एक पातं आळशी आहे. हा बसवण्याचा दोष आहे, किंवा पाती एकसारख्या मापाची नाहीत. नवीन महागडा सेट घेऊनही बैठक तशीच ठेवली तर लाटा तशाच राहणार.

माझ्या रेघेचा उगम

माझी रेघ उठलेली होती, म्हणजे टवका. खिळ्याचं लाकूड मी वापरतच नव्हते, त्यामुळे मी पोलादालाच दोष देत राहिले. जुनी पाती भिंगाखाली धरल्यावर कळलं की एकच मोठी खाच नाहीये. डाव्या काठापासून तीन ते पाच इंचांच्या पट्ट्यात धार उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती आणि उरलेली जवळजवळ कोरी होती. खिळा एक खोल खाच पाडतो. असं कुरतडणं वाळूचं.

वाळू कुठून आली? मी फळ्या भिंतीला उभ्या लावून ठेवायचे, सिमेंटच्या जमिनीवर. प्रत्येक फळीच्या खालच्या टोकात, कापलेल्या रेषांच्या तोंडांत बारीक खडी बसत होती. शिवाय त्या अरुंद फळ्या मी सवयीने नेहमी डाव्या कडेला धरूनच आत सोडायचे. प्रत्येक काप पाव मिलिमीटर पुढे जातो आणि वाळूचा एक कण अर्ध्या-एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका कणाला तिन्ही पाती एकामागून एक धडकून जाऊ शकतात, आणि जातातही, त्याच जागी. सेट कितीही बदलले असते तरी हेच झालं असतं.

आता प्रत्येक फळीची दोन्ही टोकं करवतीने अर्धा इंच छाटते, तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू झाडते आणि फळ्या पट्ट्यांवर आडव्या रचते. आत सोडताना एक फळी डावीकडून, एक मधून, एक उजवीकडून. धार सगळ्या रुंदीत सारखी झिजते. टोकांना रंग किंवा मेणाचा थर दिलेलं लाकूड मिळालं तर तो थर छाटून टाकल्याशिवाय मशिनजवळ नेत नाही.

रेघ आलीच आणि पाती लगेच बदलायची नसतील तर एक जुनी युक्ती आहे. पात्याची भोकं लांबट असतील आणि आजूबाजूला जागा असेल तर तीनपैकी एक पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवून कसा. खाचा एका ओळीत राहत नाहीत आणि एकाची खाच दुसरं भरून काढतं. काही मशिनमध्ये पातं पिनांवर पक्कं बसतं, तिथे हे जमत नाही. जबरदस्ती करू नका.

नवं पातं निवडताना माप जुन्या पात्यावरून

मशिनचं नाव सांगून पाती मागवली की चूक होण्याची शक्यता असते, कारण नावं फार जवळची असतात. डीवॉल्टचं ७३४ आणि ७३५ ही दोन मशिनं बघा. नावात एका आकड्याचा फरक, पण पहिल्याची रुंदी साडेबारा इंच, दुसऱ्याची तेरा इंच, आणि एकाची पाती दुसऱ्यात चालत नाहीत. तेव्हा मशिनवरच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, आणि तेवढ्यावर न थांबता जुनं पातं काढून व्हर्निअर कॅलिपरने मोजा.

लांबी तर सगळेच मोजतात. खरी फसगत होते ती जाडीत आणि भोकांत. भोकं किती, गोल की लांबट, व्यास किती, पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भोकाच्या मध्यापासून धारेपर्यंत अंतर किती. दुहेरी धारेच्या, पिनांवर बसणाऱ्या पात्याला वर-खाली करायची सोय नसते. धार कटर ब्लॉकच्या किती बाहेर राहणार हे त्या एका अंतरावरच ठरतं. तिथे दोन दशांश मिलिमीटरचा फरक म्हणजे मशिनच्या जाडीच्या काट्यात तेवढाच फरक. सेटमधली पाती आपसात तशी निघाली तर मघाच्या आडव्या लाटा हमखास.

जाडीचं म्हणाल तर जुन्याइतकीच हवी. पातळ पातं दाबपट्टीखाली नीट धरलं जात नाही. जाड असलं तर पट्टी पूर्ण बसत नाही आणि स्क्रू अर्ध्या आट्यांवर कसला जातो. दोन्ही धोक्याचं आहे.

पाती सेटनेच बदला, एखाद-दुसरं नाही. कारण वजन. साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा कटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर त्याच्या परिघावर एक ग्रॅम जास्त असलेलं पातं कटरला सुमारे पावणेतीन किलो वजनाच्या जोराने एका बाजूला ओढतं, प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला १६६ वेळा. मशिनचा थरथराट, बेअरिंगचं लवकर जाणं आणि फळीवर येणारी नक्षी या ओढीतूनच येते. नवीन सेट आला की मी तिन्ही पाती छोट्या डिजिटल काट्यावर ठेवून बघते. अर्ध्या ग्रॅमच्या आत सारखी असली तर समाधान. जास्त फरक असला तर सेट परत.

धार एकेरी की दुहेरी हे तुमच्या मशिनच्या रचनेवर ठरतं, आवडीवर नाही. टेबलावरच्या बहुतेक मशिनमध्ये दुहेरी धारेची, वापरून टाकून द्यायची पाती येतात. एक धार संपली की उलटवायचं, दुसरी संपली की बदलायचं. जुन्या आणि काही जड मशिनमध्ये एकेरी धारेची, घासून पुन्हा धार लावायची जाड पाती असतात, त्यांच्याखाली स्प्रिंग किंवा उंची ठरवायचे स्क्रू असतात.

टाकून द्यायच्या पात्यांना धार लावून वापरता येईल का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं मत: नको. बारीक दगडावर सपाट बाजू दोन-चारदा ओढून धारेचा काटा काढणं ठीक, त्याने शेवटचं एखादं काम निघून जातं. पण उताराची बाजू घासली की भोकापासून धारेचं अंतर कमी झालं, पातं आत गेलं, आणि पिनांमुळे ते बाहेर काढायची सोय नाही. तिन्ही पाती हाताने सारखीच घासली गेलीत याची खात्री कुणी देऊ शकत नाही. बऱ्याच मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई असते, आणि ती पाळावी.

कोणतं पोलाद

माझ्या दुसऱ्या सेटवर ‘एचएसएस’ (हायस्पीड स्टील) असं ठळक कोरलेलं होतं. मापं बरोबर, वजनं सारखी, दिसायलाही देखणी. मऊ पाइनवरच्या तेवीस-चोवीस फळ्यांत धार गेली, आणि तीही पूर्ण रुंदीत. रेघ वाळूची होती, पण पूर्ण रुंदीत धार जाणं हा वाळूचा दोष नव्हता.

दोन्ही धारा संपल्यावर मी त्यातलं एक पातं आणि मशिनसोबत आलेलं मूळ जुनं पातं, दोघांची टोकं ग्राइंडरवर टेकवली आणि ठिणग्या बघितल्या. मूळ पात्याच्या ठिणग्या तांबूस-नारिंगी होत्या, मंद, जवळजवळ न फुटणाऱ्या. हायस्पीड स्टील असंच दिसतं. दुसऱ्या पात्यातून पांढऱ्या-पिवळ्या, लखलखीत, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या. म्हणजे साधं कार्बन पोलाद, वर तीन अक्षरं कोरलेली. ही चाचणी बाद झालेल्या पात्यावरच करा, डोळ्यांना गॉगल लावून आणि आजूबाजूचा भुसा झाडून. वापरायच्या पात्याला ग्राइंडर लावायचा नाही. ठिणगीचा रंग वाचायला सवय लागते, म्हणून खात्रीचं एक पातं शेजारी तुलनेला हवंच.

नावातला ‘हायस्पीड’ तुमच्या प्लॅनरच्या वेगाबद्दल नाही. लेथवर धातू वेगाने कापताना हत्यार लाल होईस्तोवर तापलं तरी ते मऊ पडू नये म्हणून हे पोलाद आलं आणि तेच नाव चिकटलं. ६०० अंश सेल्सिअसच्या आसपासही ते आपला टणकपणा बराचसा टिकवतं. साधं कार्बन पोलाद त्याच्या निम्म्यालाच मऊ पडू लागतं. एचएसएसमध्येही जाती आहेत. सर्रास वापरात असलेल्या एम २ मध्ये टंगस्टन सुमारे ६ टक्के, मॉलिब्डेनम ५, क्रोमियम ४ आणि व्हॅनेडियम २ टक्के असतं. टी १ मध्ये टंगस्टनच १८ टक्के. विकणाऱ्याला विचारा, ‘एचएसएस म्हणजे कोणतं?’ ज्याला जात सांगता येते त्याचं पातं मी घेते. पाकिटावर नुसतं ‘उच्च दर्जाचं पोलाद’ लिहिलंय आणि पुढे काहीच नाही, ते मी घेत नाही.

कार्बाइडच्या पात्यांबद्दल उत्साह असतो, आणि काही कामांत तो योग्यच आहे. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये बांधून ते बनवतात. घासून झिजणं त्याला फार कमी माहीत. सागात सिलिका असतं, म्हणून साग एचएसएसची धार भराभर खातो. डिंकाने जोडलेले थर आणि तशीच काही टणक परदेशी लाकडंही तेच करतात. अशा कामाला कार्बाइड खरोखर टिकतं. पण ते ठिसूळ आहे. वाळूच्या झिजेला दाद देत नाही, खिळ्यावर मात्र टवकाच उडतो, आणि त्याला धार लावायची तर हिऱ्याचं चाक लागतं. दुसरं म्हणजे ठिसूळपणामुळे त्याची धार तेवढी निमुळती ठेवता येत नाही. कोऱ्या एचएसएसने पाइनसारख्या मऊ लाकडावर जी सफाई येते ती मला कार्बाइडच्या सरळ पात्यातून मिळालेली नाही.

म्हणून मी अशी निवड करते: मऊ लाकूड आणि मिश्र घरगुती काम असेल तर चांगलं एचएसएस, सतत साग किंवा तसं लाकूड असेल तर कार्बाइड. आणि जुन्या मोडलेल्या सामानातलं लाकूड असेल तर मेटल डिटेक्टर आधी, पात्याचा विचार नंतर. अशा लाकडासाठी मी बाद होत आलेला एचएसएसचा सेट राखून ठेवते.

स्पायरल कटरचा पर्याय

काही मशिनसाठी अख्खा कटर ब्लॉकच बदलून छोट्या चौकोनी कार्बाइड तुकड्यांचा स्पायरल कटर बसवता येतो. प्रत्येक तुकड्याला चार धारा. एक खराब झाली की तेवढाच तुकडा पाव फेरा फिरवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. रेघेच्या त्रासावर याच्याइतका सोयीचा उपाय नाही. आवाज कमी होतो, उलट्या रेषेवर उपटणं कमी होतं, छिलके छोटे निघतात आणि पाइप तुंबत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की टेबलावरच्या मशिनची मोटर लहान असते आणि या कटरला जास्त जोर लागतो, त्यामुळे रुंद टणक फळीवर कट बारीकच घ्यावा लागतो. तुकडा फिरवताना त्याच्या खाचेत भुशाचा एक कण राहिला तरी तो तुकडा वर बसतो आणि फळीवर खोल पन्हळ पडते. वर्षभर रोज मशिन चालत असेल तर जरूर विचार करा. महिन्यातून चार फळ्या काढणाऱ्याला सरळ पाती पुरेशी आहेत, असं माझं मत.

बसवताना

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, वायर हातात दिसली पाहिजे. जुनी पाती बोथट झालीत म्हणून हाताला कापणार नाहीत असं समजू नका, जाड हातमोजे घाला. कटर फिरवायचा तर लाकडाच्या तुकड्याने. पातं उचलायला मशिनसोबत आलेलं चुंबक वापरा.

माझ्या एका सेटचं नुकसान इथेही झालं होतं. बैठकीवर राळ आणि भुशाचा तपकिरी पापुद्रा बसला होता, कागदाएवढा जाड. मी फडक्याने पुसून त्यावरच पाती ठेवली. तो फडक्याने निघत नाही. राळ विरघळवणारं द्रावण लावून दहा मिनिटं थांबा, मग लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने खरवडा. पोलादाची पटाशी नको, बैठकीला ओरखडा पडला तर तो कायमचा. दाबपट्टीची आतली बाजू आणि स्क्रूची भोकंही साफ करा. शेवटी बोट फिरवून बघा, काहीही खडबडीत लागता कामा नये.

स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर पात्यांसोबत नवे स्क्रू घ्या, त्याच लांबीचे आणि त्याच ताकदीचे. ॲलन की किंवा टॉर्क्सची कीही झिजलेली नको. कसताना पहिल्या फेरीत सगळे हलके, दुसऱ्या फेरीत पक्के. क्रम आणि जोर मॅन्युअलमध्ये दिलेला असतो तसाच. एकेरी धारेची पाती असतील तर गेज (उंची तपासायचं साधन) कटर ब्लॉकवर दोन्ही टोकांना आणि मध्ये ठेवून उंची बघा, आणि कसून झाल्यावर पुन्हा बघा, कारण कसताना पातं वर सरकतं.

सगळं झाल्यावर कटर हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते ऐका. मग मशिन रिकामं चालू करा आणि आवाज एकसारखा आहे का ते ऐका. पहिली फळी स्वच्छ, मऊ, गाठ नसलेली, कट पाव सुताहून कमी. दोन-चार फळ्या झाल्या की पुन्हा प्लग काढून स्क्रू तपासा.

जुन्या सेटचं काय

बाद झालेली पाती कार्डबोर्डात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर ‘धारदार’ लिहून मगच भंगारात द्या. तीनपैकी एक मात्र ठेवून द्या. मशिनसोबत आलेल्या मूळ सेटमधलं असेल तर उत्तम. त्याला तेलाचं बोट लावा, टोकाला मार्करने मॉडेल क्रमांक, जाडी आणि भोकापासून धारेचं अंतर लिहा आणि मॅन्युअलसोबत पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी नवा सेट आला की मशिन उघडायच्या आधी ते जुनं पातं नव्यावर ठेवायचं, भोकातून भोक दिसतंय का बघायचं, दोन्ही धारा बोटाच्या नखाने एका पातळीत आहेत का चाचपायच्या. माझ्याकडचं पातं आता मागच्या बाजूने गंजलंय, पण सध्याचा सेट मी त्याच्यावरच ताडून घेतला. त्याची पहिली धार अजून चालू आहे आणि डाव्या काठापासून चार बोटांवर नखाला काही लागत नाही.